‘आम्ही तिशीत घर घेतलं, मग याला काय झालं?’

प्रश्न, थोडक्यात: आम्ही 1995 मध्ये पुण्याहून इंग्लंडला आलो. 1997 मध्ये लंडनजवळच्या स्लाऊला तीन बेडरूमचं टेरेस्ड घर 78,000 पौंडांना घेतलं. तेव्हा माझा पगार वर्षाला 24,000 होता. आज तशाच घराला 4 लाख 30 हजार पडतात. मुलगा 27 वर्षांचा आहे, 2019 चा पदवीधर. लंडनमध्ये एका मालवाहतूक कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे आणि पगार 34,000 आहे. चौघांच्या घरात एका खोलीचे महिना 950 पौंड भरतो. ही त्याची तिसरी नोकरी. संध्याकाळी सहा वाजले की लॅपटॉप बंद, रोज बाहेरची कॉफी, घराचा विषय काढला की चिडचिड. या पिढीला कष्ट नकोत, असं माझं मत होत चाललंय. जबाबदारी कळावी म्हणून कोथरूडच्या फ्लॅटवर त्याचं अर्धं नाव लावायचा विचार आहे. की इथेच बापलेकांच्या नावावर घर घ्यावं? त्याने एमबीए करावं का? माझं वय 61. (एक वडील, स्लाऊ)

नमस्कार.

कोथरूडच्या कागदांवर एवढ्यात सही करू नका. बाकी सगळं सावकाश ठरवता येईल, पण ही सही एकदा झाली की मागे घेऊन उपयोग नाही.

इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्याला 3 लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी नाही. 3 ते 5 लाखांमधल्या रकमेवर 5 टक्के लागतात आणि घर 5 लाखांच्या वर गेलं की सवलतच मिळत नाही. हे दर 1 एप्रिल 2025 पासूनचे आहेत. यात ‘पहिलं’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. कोथरूडचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने त्याच्या नावावर झाला की तो इथे पहिलं घर घेणारा राहत नाही. पुढे तो हिस्सा विकला तरी गेलेला दर्जा परत येत नाही. शिवाय घर घेताना तो हिस्सा त्याच्याकडे असेल आणि त्याची किंमत 40,000 पौंडांच्या वर असेल, तर दुसऱ्या घराचा 5 टक्के जादा आकारही बसू शकतो. समजा त्याने 2 लाख 20 हजारांचं घर घेतलं. आज त्याला स्टॅम्प ड्युटी शून्य. कोथरूडनंतर नेहमीच्या दराने 1,900 आणि जादा आकार 11,000, म्हणजे 12,900 पौंड. सोसायटीत नॉमिनी असणं वेगळं आणि सहमालक असणं वेगळं, पण ‘नाव नुसतं सोयीसाठी लावलंय’ हे सॉलिसिटरला, म्हणजे घरखरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाला, कागदांनिशी पटवावं लागतं. फ्लॅट त्यालाच द्यायचा असेल तर आत्ता मृत्युपत्रात लिहून ठेवा. तुमच्या हयातीत त्याची मालकी तयार होत नाही.

आता पिढीबद्दल. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. 1997 मध्ये तुमचं घर तुमच्या पगाराच्या सव्वातीनपट होतं. तेच घर आज तुमच्या मुलाच्या पगाराच्या साडेबारापटीहून जास्त आहे. हे फक्त स्लाऊपुरतं नाही. सरकारी आकडेवारीत इंग्लंडमधलं मध्यम किमतीचं घर 1997 मध्ये मध्यम वार्षिक पगाराच्या साडेतीनपट होतं आणि 2024 मध्ये 7.7 पट. मध्यम उत्पन्नाच्या 25 ते 34 वयोगटात 1995-96 साली 65 टक्क्यांचं स्वतःचं घर होतं, 2015-16 मध्ये 27 टक्क्यांचं. वीस वर्षांत एवढ्या लोकांचा आळस वाढत नसतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या वेळी व्याज जास्त होतं. होतं. 1989 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर 15 टक्क्यांपर्यंत गेला आणि 1991 मध्ये 75,000 हून जास्त घरं जप्त झाली. त्या पिढीला सगळं आयतं मिळालं, असं तुमच्या मुलाचे मित्र म्हणत असतील तर तेही चूकच. पण व्याज जास्त असताना मुद्दल लहान होतं आणि पुढे व्याज उतरत गेलं. आज मुद्दलच मोठं आहे. बँका साधारण उत्पन्नाच्या साडेचारपट कर्ज देतात, म्हणजे 34,000 वर 1 लाख 53 हजार. तुमचंच घर 10 टक्के डिपॉझिटवर घ्यायला त्याला 86,000 पगार हवा. आणि कॉफी? चार पौंडांची कॉफी महिन्यात वीस वेळा म्हणजे वर्षाचे 960. तुमच्या घराचं डिपॉझिट 43,000. निव्वळ कॉफी सोडून ते जमायला पंचेचाळीस वर्षं लागतील. जेवणाच्या टेबलावर हा विषय बंद करा, पैशांचं बोलणं आपोआप सोपं होईल.

त्याच्या हातात काय येतं तेही पाहा. 2025-26 च्या दरांनी 34,000 वर आयकर 4,286, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याची कपात) 1,714, स्टुडंट लोन 498 आणि पेन्शनमध्ये त्याचे सुमारे 1,110 जातात. महिन्याला उरतात साधारण 2,200. त्यातले 950 खोलीचे, 130 बिलांचे. तुम्ही इथे घर घेतलंत तेव्हा स्टुडंट लोनची ही कपात तुमच्या पगारातून जात नव्हती. त्याच्या वर्षी इंग्लंडमध्ये पदवीची फी वर्षाला 9,000 च्या घरात होती. ते कर्ज एकरकमी फेडायला मात्र पैसे देऊ नका. हप्ता पगारावर ठरतो, राहिलेल्या रकमेवर नाही, आणि 30 वर्षांनी शिल्लक माफ होते. तेवढेच पैसे डिपॉझिटला जास्त कामाला येतात.

तुमचं म्हणणं खरं आहे अशी जागाही आहे. पाच वर्षं नोकरी करून त्याने लाइफटाइम आयसा हे सरकारी बोनस मिळणारं बचत खातं उघडलेलं नसेल, तर ती चूक त्याची. हे खातं 18 ते 39 वयात उघडता येतं. वर्षाला 4,000 पर्यंत भरले की सरकार 25 टक्के, म्हणजे 1,000 घालतं. अटी कडक आहेत: पहिलं घर, किंमत 4 लाख 50 हजारांच्या आत, मॉर्गेज घेऊनच खरेदी, खात्यात पहिले पैसे भरून किमान 12 महिने झालेले, आणि पैसे थेट सॉलिसिटरकडे जाणार. मधेच काढले तर 25 टक्के कापतात. 4,000 भरलेल्याला 3,750 परत मिळतात, म्हणजे बोनस तर जातोच, वर स्वतःचे 250 जातात. त्यामुळे अडीअडचणीचा पैसा यात ठेवू नये. आर्थिक वर्ष 5 एप्रिलला संपतं. मार्चमध्ये 4,000 आणि 6 एप्रिलनंतर 4,000 भरले तर दोन वर्षांचे बोनस थोड्याच दिवसांच्या अंतराने पदरात पडतात. यातही कोथरूड आडवं येतं. पहिलं घर घेणाऱ्याची इथली व्याख्याही जगभरची आहे.

तो घरी परत यायला तयार असेल तर लंडनला जाणारी एलिझाबेथ लाइन ही रेल्वे स्लाऊवरून जाते, हे तुमचं नशीब. आई-वडिलांकडे राहणारी मोठी मुलं ही आता नवलाई नाही. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी 49 लाख होती. भाडं आणि बिलांचे 1,080 वाचतात. प्रवासाचे वाढीव 180 आणि घरात द्यायचे 200 वजा करा, 700 उरतात. घरात काहीच घेऊ नका, असा सल्ला मी देणार नाही. फुकट राहणाऱ्याचे पैसे कुठे जातात हे त्यालाही कळत नाही. 700 प्रमाणे वर्षाला 8,400. त्यातले 4,000 आयसामध्ये गेले की 1,000 वर मिळतात. तीन वर्षांत, व्याज न धरता, 28,200. पेन्शनमधून बाहेर पडून बचत वाढवायचा मोह त्याला होईल, तो होऊ देऊ नका. कंपनीचे किमान 3 टक्के हातचे जातात.

पण अटी आधी ठरवा. किती वर्षं, किती पैसे, आणि ‘रात्री उशिरा का आलास’ हा प्रश्न विचारायचा नाही. हे ठरवलं नाही तर तो चार महिन्यांत पुन्हा खोली शोधेल आणि पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट नव्याने अडकवेल. सध्याची खोली सोडताना करार वाचायला सांगा. 1 मे 2026 पासून इंग्लंडमध्ये खासगी भाडेकरूला साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं. घरमालक त्याच घरात राहत असेल तर हा नियम लागू नाही.

आता करिअर, कारण खरी किल्ली तिथे आहे. पगारातले हजार पौंड वाढले की कर्जाची मर्यादा साडेचार हजारांनी वाढते. बचतीने हे गाठता येत नाही. म्हणून ‘तो सहाला कामावरून का उठतो’ यापेक्षा ‘तो योग्य जागी आहे का’ हा प्रश्न महत्त्वाचा. माझ्या मते नाही. मालवाहतुकीचा डेटा बघणारा माणूस लंडनमध्ये आणि त्या धंद्याची मोठी गोदामं इंग्लंडच्या मधल्या भागात, मिडलंड्समध्ये, असं झालंय. लटरवर्थजवळचं मॅग्ना पार्क, डॅव्हेंट्रीचं रेल्वे टर्मिनल, ईस्ट मिडलंड्स विमानतळाजवळची केंद्रं, या पट्ट्याला धंद्यातले लोक ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. इन्व्हेंटरी प्लॅनिंग, नेटवर्क प्लॅनिंग, ट्रान्सपोर्ट ॲनालिस्ट अशा नावांनी त्याने लेस्टर, नॉर्दॅम्प्टन, कॉव्हेंट्रीच्या परिसरातल्या जागा बघाव्यात. पगार लंडनपेक्षा थोडा कमी दिसेल, पण लेस्टरला 2 लाख 20 हजारांत जुनं टेरेस्ड घर बघता येतं, स्लाऊत त्या पैशात एका बेडरूमचा फ्लॅटही शोधावा लागतो. तीन वर्षांत पगार 44,000 पर्यंत गेला तर 1 लाख 95 हजारांचं कर्ज आवाक्यात येतं. 4.5 टक्क्यांनी 30 वर्षांसाठी हप्ता सुमारे 990 पौंड, म्हणजे आजच्या खोलीच्या भाड्याच्या जवळपास. जमवलेल्या 28,200 मधले 3,000 सॉलिसिटर, सर्व्हे आणि मॉर्गेजच्या खर्चाला बाजूला ठेवा.

तिसरी नोकरी ही काळजीची गोष्ट नाही. प्रत्येक वेळी पगार किंवा हुद्दा वाढला असेल तर त्याने बरोबर केलंय. एकाच कंपनीत टिकून बढती आणि शेवटच्या पगारावर पेन्शन हा तुमच्या वेळचा सौदा खासगी क्षेत्रात नव्या माणसाला आता बहुतेक मिळतच नाही. मग फुकटचा ओव्हरटाइम तो कशासाठी करेल? मात्र घराच्या अर्जाआधी नोकरी बदलू नये. बँका तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात, काही जण प्रोबेशन संपल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि रिडंडन्सीच्या, म्हणजे कंपनीने जागाच रद्द केली तर मिळणाऱ्या, भरपाईसाठी लागणारी दोन वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जातात.

एमबीए नको. निदान स्वतःच्या खर्चाने तर नकोच. पोस्टग्रॅज्युएट लोन घेतलं तर 21,000 च्या वरच्या पगारातून आणखी 6 टक्के जातात. 20 कर, 8 इन्शुरन्स, 9 जुनं लोन आणि हे 6: वाढलेल्या प्रत्येक 100 पौंडांतले 43 हातात येण्याआधीच संपतात. त्याऐवजी सीआयएलटी (मालवाहतूक क्षेत्राची व्यावसायिक संस्था) किंवा खरेदी विभागाकडे कल असेल तर सीआयपीएस (खरेदी-पुरवठा क्षेत्राची तशीच संस्था) हिची पात्रता घ्यावी आणि फी कंपनीने भरावी, असं वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी लेखी मागावं. फी भरल्यावर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट बहुतेक वेळा येते, ती तारीख घराच्या बेताशी जुळवून घ्यावी.

बापलेकांच्या नावावर घर घ्यायचं नाही. तुमच्याकडे आधीच घर असल्यामुळे त्याची सवलत जाते आणि 5 टक्के जादा आकार बसतो, म्हणजे तेच 12,900. मालकी फक्त त्याची आणि कर्जात दोघं, असंही मॉर्गेज मिळतं. त्यात जादा आकार टळतो, पण बँक कर्जाची मुदत तुमच्या वयावर ठरवते. 75 पर्यंत धरली तरी 14 वर्षं. हप्ता 990 वरून 1,570 वर जाईल. हा मार्ग पन्नाशीच्या आतल्या पालकांसाठी बरा.

मदत करायचीच असेल तर रोख भेट द्या. बँक पत्र मागेल: ही भेट आहे, कर्ज नाही, आणि घरावर माझा हक्क नाही. सॉलिसिटर पैशांचा उगम विचारेल. कोथरूडचा फ्लॅट विकून पैसे आणणार असाल तर अनिवासी विक्रेता म्हणून खरेदीदार टीडीएस कापतो. पैसे एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातून, सीएच्या प्रमाणपत्रासह, आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर येतात. खरेदीखत, पावत्या, बँकेचे उतारे इंग्रजीत तयार ठेवा. मराठी कागद असतील तर अधिकृत भाषांतर लागेल. हे सगळं घर आवडल्यावर सुरू केलं तर विकणारा थांबत नाही आणि सर्व्हेचे पैसे बुडतात. निदान चार-पाच महिने आधी लागा.