एकच पोतं घ्यायचं असेल तर पिल्सनर माल्ट घ्या

घरी बिअर बनवायला माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) २५ किलोचं एकच पोतं घेऊन त्यात लेगर, आयपीए, व्हीट आणि काळी स्टाउट अशा सगळ्याच बिअर करायच्यात, तर पिल्सनर, साधा टू-रो (नेहमीचा फिका माल्ट) की मॅरिस ऑटर (इंग्लिश पेल एल माल्ट), असं विचारलंय तुम्ही. माझं मत विचाराल तर डोळे झाकून पिल्सनर माल्ट घ्या.

कारण साधं आहे, हा सगळ्यात फिका, आणि फिक्या माल्टमध्ये रंग नि चव नंतर घालता येते पण असलेली काढता येत नाही. मी पहिलं पोतं मॅरिस ऑटरचं घेतलं होतं, एल (लेगरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेल्या बिअर) मस्त झाल्या, पण त्याच माल्टची पिल्सनर बिअर (फिकी लेगर) केली तर रंग गडद सोनेरी आला आणि मागे बिस्किटासारखी चव राहिली, बिअर वाईट नव्हती पण ती पिल्सनर नव्हतीच. उलट पिल्सनर माल्टमध्ये १०-१५ टक्के म्युनिक (जरा गडद माल्ट) घातला की पेल एल माल्टच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं. दोन्हीचे दोन-चार दाणे चावून बघा, पिल्सनरचा दाणा गोडसर, थोडा कच्च्या पिठासारखा लागतो आणि पेल एलचा भाजलेल्या पावाच्या कडेसारखा, हाच फरक ग्लासात उतरतो.

स्टाउटची काळजीच करू नका, १० टक्के रोस्टेड (काळी भाजलेली) बार्ली पडली की खाली कुठला बेस, म्हणजे मुख्य माल्ट, आहे ते ओळखणं अवघड. आणि पिल्सनरमध्ये एन्झाइम भरपूर असतात त्यामुळे फ्लेक्ड (चपटी केलेली) बार्ली, ओट्स वगैरे २०-३० टक्के घातले तरी स्टार्चची साखर नीट होते. व्हीट बिअरला अर्धा गव्हाचा माल्ट घाला, काही अडत नाही. अंग (तोंडात जाणवणारा भरीवपणा) कमी-जास्त हवं असेल तर ते मॅशच्या, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवायच्या, तापमानावर सांभाळा, ६४-६५ डिग्रीला बिअर कोरडी होते, ६८ ला भरलेली.

एक गोष्ट मात्र पाळा, हा माल्ट कमी तापमानाला वाळवलेला असतो म्हणून त्यात डीएमएस (मक्यासारखा वास देणारं संयुग) तयार करणारा घटक जास्त उरतो, वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळताना त्याचा डीएमएस होतो आणि तो वाफेबरोबर जायला हवा. झाकण ठेवून उकळलंत तर उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो, मी हे केलंय आणि अख्खी बॅच तशीच प्यायलो. झाकण काढून ९० मिनिटं चांगलं खळखळून उकळा नि वर्ट पटकन गार करा. एवढा वेळ दर वेळी काढणं जमणार नसेल आणि लेगर क्वचितच करणार असाल तर टू-रो घ्या, त्याला ६० मिनिटं पुरतात.

फक्त इंग्लिश बिटरला मी अजूनही मॅरिस ऑटर वेगळा आणतो, तिथे बरीचशी चव बेस माल्टचीच असते, म्युनिक घालून ती येत नाही. ४-५ किलोत २० लिटरची बॅच होते, तेवढाच आणा.

पोतं भरडून घेऊ नका हं, अख्खा दाणा कोरड्या जागी घट्ट डब्यात महिनोन्‌महिने टिकतो, भरडलेला काही आठवड्यांतच मऊ पडतो, लागेल तेवढाच त्या दिवशी भरडा.