डीएनए नंतर येतो, आधी कागद लागतो

तुम्ही विचारलंय की पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची हाडं आत्ता उकरून डीएनएवरून नावं कशी काढतात, आणि आपल्या जवानांचं तसं का होत नाही. माझ्या मते दोन्हीचं उत्तर एकच, कागद. डीएनएचं बातम्यांत जरा जास्तच कौतुक होतं.

उत्तर फ्रान्समधलं फ्रॉमेल घ्या. 19 जुलै 1916 ला संध्याकाळी ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश सैन्याने तिथे हल्ला केला, आणि एका रात्रीत एकट्या ऑस्ट्रेलियाचे साडेपाच हजारांवर लोक मेले, जखमी झाले नाहीतर पकडले गेले. जे जर्मन हद्दीत पडले त्यांना बव्हेरियन सैनिकांनी फेझंट वुड नावाच्या झाडीशेजारी खड्ड्यांत पुरलं, पण आधी ओळखीचे बिल्ले काढून घेतले आणि मेलेल्यांची नावं रेडक्रॉसमार्फत पलीकडे कळवली. म्हणजे नोंद ठेवली शत्रूने! युद्धानंतर प्रेतं शोधणाऱ्यांना हे खड्डे सापडलेच नाहीत. पुढे लॅम्बिस एंग्लेझोस नावाच्या ऑस्ट्रेलियन शिक्षकाने बेपत्ता माणसं आणि निनावी कबरी यांचा हिशोब मांडला तर तो जुळेना, मग जुने विमानातून काढलेले फोटो बघितले, 2008 मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या टीमने चाचणी खोदकाम केलं आणि 2009 मध्ये ऑक्सफर्ड आर्किऑलॉजी या उत्खनन करणाऱ्या संस्थेने 250 सांगाडे बाहेर काढले. एकाजवळ ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल ते पर्थचं रिटर्न तिकीट निघालं, परतीचा अर्धा भाग तसाच.

आता डीएनए. हाडांतला डीएनए नातेवाइकाच्या डीएनएशी जुळवून बघतात. बरेच जण पोरसवदा, लग्न न झालेले, त्यामुळे बहिणीच्या मुलीची मुलगी किंवा भावाचा नातू असं कुणीतरी शोधावं लागतं. पण कुणाचा नातू? ते यादी असेल तरच कळणार ना. मार्च 2010 मध्ये पहिली 75 नावं जाहीर झाली, पुढे आकडा दीडशेच्या वर गेला. प्रत्येकाला वेगळी कबर दिली, शेवटच्याला 19 जुलै 2010 ला पुरलं.

तिथून जवळच रिशबूरला 2016 मध्ये चर खणताना दोन भारतीय जवान सापडले. खांद्यावरच्या बिल्ल्यावरून 39 वी गढवाल रायफल्स एवढं कळलं, नावं नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये लावंटीच्या लष्करी दफनभूमीत त्यांचं दफन झालं, भारतातून लष्कराची तुकडी गेली होती. जवानाचं नाव, बापाचं नाव, गाव अशी नोंद बऱ्याचदा सापडते हो, पण कोण कुठे पडला, कुठल्या खड्ड्यात गेला हे तिला जोडलेलं नसतं.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तर त्याहून वाईट. कूतच्या वेढ्यात 103, 110, 117 या मराठा पलटणी होत्या, पण बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा, बस्स. आपल्याकडे सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवरही इतके गेले, इतके मेले एवढंच.

घरात कुणी पहिल्या महायुद्धात गेल्याचं ऐकलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज या युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या साइटवर शोधा, फक्त इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हेने टाकून बघा, साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय.