टेहानो, म्हणजे टेक्ससमधल्या मेक्सिकन लोकांच्या संगीताचा, अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेझ एवढा मोठा का मानला जातो?

तुमचा प्रश्न असा: फ्लाकोच्या नावावर सहा ग्रॅमी आहेत, पण ज्या गाजलेल्या गाण्यांत त्याचं नाव येतं ती बहुतेक दुसऱ्यांचीच आहेत, मग त्याची स्वतःची कामगिरी नक्की कोणती?

प्रश्न रास्त आहे. आधी पुरस्कारांचा हिशेब मिटवून टाकू. सहापैकी पाच ग्रॅमी स्पर्धेतल्या. पहिली १९८७ च्या सोहळ्यात 'आय ते देहो एन सान अंतोनिओ'साठी, दुसरी १९९१ मध्ये 'टेक्सस टॉर्नेडोज' या बँडबरोबर 'सोय दे सान लुईस'साठी, मग १९९६ मध्ये स्वतःच्याच नावाच्या अल्बमसाठी, आणि १९९९ मध्ये दोन: 'लॉस सुपर सेव्हन' या मंडळींबरोबर एक आणि 'सेड अँड डन'साठी एक. सहावी जीवनगौरवाची, २०१५ ची. शिवाय २०१२ मध्ये अमेरिकी सरकारची 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप', आपल्याकडे लोककलावंताला मिळणाऱ्या राष्ट्रीय सन्मानाच्या तोडीची.

आता या यादीत सहज नजरेतून सुटणारी एक गोष्ट. पहिल्या दोन्ही ग्रॅमी ज्या गाण्यांना मिळाल्या ती त्याच्या वडिलांची गाणी आहेत. वडील म्हणजे सांतियागो हिमेनेझ, थोरले. ते १९८४ मध्येच गेले. १९३६ पासून त्यांच्या रेकॉर्ड निघत होत्या, टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या मेक्सिकन वस्तीत त्यांचं नाव घराघरात होतं, पण तेवढ्यावर घर चालेना म्हणून उतारवयात काही वर्षं डॅलसला साफसफाईची नोकरी करावी लागली. त्यांचीच गाणी मुलाने वाजवली आणि पुरस्काराच्या व्यासपीठावर नेली. फ्लाकोच्या कारकिर्दीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. त्याने मोठ्या दुनियेसाठी आपलं संगीत बदललं नाही, वस्तीतलं संगीत जसंच्या तसं घेऊन गेला.

हे संगीत म्हणजे कोन्हुन्तो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक शेतकरी येऊन वसले, त्यांच्याबरोबर पोल्का, वॉल्ट्झ आणि बटणांचं अकॉर्डियन आलं. शेजारच्या मेक्सिकन लोकांनी ते उचललं. फ्लाकोचे आजोबा पात्रिसिओ जर्मन लोकांच्या नाचांना जाऊन ऐकून ऐकून शिकले. त्यांच्याकडून ते सांतियागोकडे आणि तिथून फ्लाकोकडे आलं. संच अगदी आटोपशीर: अकॉर्डियन, बाहो सेस्तो नावाची बारा तारांची जाड आवाजाची गिटार, बास आणि पुढे ड्रम. लग्नकार्य, बारसं, शनिवार रात्रीचा नाच, बिअरचे गुत्ते, इथेच याचं राज्य. (टेहानो हा शब्द पुढे कीबोर्डवाल्या, चकचकीत बँडनाही लावतात. सेलेना ही गायिका त्यातली. फ्लाको मात्र मुळातला कोन्हुन्तोवाला.)

वाद्याबद्दल थोडं सांगतो, कारण मी स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि ह्यूस्टनला भाच्याकडे असताना असं बटणांच्या तीन ओळींचं अकॉर्डियन हाताळायला मिळालं होतं. पेटीत भाता फक्त हवा भरतो, पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो. इथे बटण तेच, पण भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा! म्हणजे चाल बसवायची तर बोटांइतकाच भात्याच्या दिशेचाही हिशेब डोक्यात हवा. सलग चाललेल्या तानेत मध्येच दिशा बदलावी लागते आणि तो झटका ऐकू येऊ द्यायचा नसतो, नाहीतर मुद्दाम ऐकवायचा असतो. फ्लाको दोन्ही करायचा. डाव्या हाताच्या बासाकडे तर टेक्ससचे वादक ढुंकूनही बघत नाहीत. ते काम नार्सिसो मार्तिनेझ या जुन्या अकॉर्डियनवादकाने तिसाच्या दशकातच बाहो सेस्तोवर सोपवून टाकलं. म्हणून उजवा हात मोकळा सुटतो, आणि ते तुटक, टणटणीत, गाणाऱ्याच्या दोन ओळींमधल्या फटीत शिरून बाहेर पडणारं वाजवणं शक्य होतं.

फ्लाको म्हणजे मूळचा लिओनार्दो, जन्म ११ मार्च १९३९, सॅन अँटोनिओ. सातव्या वर्षी वडिलांबरोबर मंचावर, पंधराव्या वर्षी 'लॉस कापोरालेस' या संचाबरोबर रेकॉर्डिंग. पुढची बरीच वर्षं गावातच, गावातल्याच लेबलांसाठी वाजवत होता. बाहेरचं दार उघडलं ते डग सामने. हा सॅन अँटोनिओचाच गोरा रॉकवाला. १९७३ च्या त्याच्या अल्बमवर बॉब डिलन आणि डॉक्टर जॉन यांच्याबरोबर फ्लाको आहे. मग १९७६ मध्ये राय कूडर या गिटारवादकाने त्याला 'चिकन स्किन म्युझिक'साठी बोलावलं. जिम रीव्हजचं 'ही'ल हॅव टु गो' आपल्याकडे जुन्या पिढीतल्या पुष्कळांना पाठ आहे, गोव्यात तर विचारूच नका. तेच गाणं या अल्बमवर बोलेरोच्या, म्हणजे संथ लॅटिन प्रेमगीतांच्या, लयीत येतं आणि फ्लाकोचं अकॉर्डियन त्यात असं मिसळतं की मूळ गाणं सीमेपलीकडचंच असावं असं वाटतं. कूडरबरोबरच्या दौऱ्यांमुळे युरोप त्याला ओळखू लागला.

तिथून पुढे पाहुणा म्हणून त्याला मागणी वाढतच गेली. ड्वाइट योकम आणि बक ओवेन्स यांचं 'स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफील्ड' १९८८ मध्ये कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात अकॉर्डियन त्याचं. रोलिंग स्टोन्सनी १९९४ च्या 'व्हूडू लाउंज'मधल्या 'स्वीटहार्ट्स टुगेदर'साठी त्यालाच घेतलं. मॅव्हरिक्स या बँडचं 'ऑल यू एव्हर डू इज ब्रिंग मी डाउन' तर अकॉर्डियन काढून ऐकून बघा, निम्मं गाणं गेल्यासारखं वाटेल.

तुमच्या प्रश्नातला 'दुसऱ्यांची गाणी' हा मुद्दा इथेच येतो. मला तो कमीपणा वाटत नाही. साथीला बसणाऱ्याला विचारा: चार मात्रांच्या जागेत आपली ओळख पटवायची आणि गायकाच्या पायात यायचं नाही, हे किती अवघड असतं. फ्लाको दोन सुरांत ओळखू येतो. आणि १९९२ च्या 'पार्टनर्स'मध्ये त्याने हाच प्रकार उलटा केला. या वेळी यजमान तो आणि पाहुणे लिंडा रॉन्स्टॅट, एमिलू हॅरिस, स्टीव्हन स्टिल्स, जॉन हायट, कूडर, योकम, लॉस लोबोस. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात घेतला.

'टेक्सस टॉर्नेडोज'बद्दल वेगळं सांगायला हवं, पण थोडक्यात: डग साम, फ्रेडी फेंडर, ऑगी मायर्स आणि हा, चौघेही आपापल्या जागी मुरलेले, १९८९ मध्ये एकत्र आले आणि इंग्रजी-स्पॅनिश मिसळून बेधडक मजा केली. त्यांचे चाहते मला शिव्या घालतील, पण ऐकताना मला त्यात फ्लाको थोडा कमीच मिळतो.

काही जुने रसिक म्हणतात की खरा वारसा धाकटा भाऊ सांतियागो ज्युनिअरने जपला, फ्लाको रॉकवाल्यांत गेला. भावाने वडिलांसारखं दोन ओळींचं अकॉर्डियन धरून ठेवलं हे खरंच आहे, त्याला राष्ट्रीय कलापदकही मिळालं. पण त्या जुन्या ढंगाकडे बाहेरच्यांचे कान वळले त्यात फ्लाकोचा वाटा मोठा होता, असं माझं मत.

३१ जुलै २०२५ रोजी, ८६ व्या वर्षी, तो सॅन अँटोनिओतच गेला. नव्याने ऐकायला घेणार असाल तर 'पार्टनर्स'पासून सुरू करा, मग २०१४ चा 'फ्लाको अँड मॅक्स' ऐका. त्यात शेजारी मॅक्स बाका बाहो सेस्तो वाजवतो, पाहुण्यांची गर्दी नाही, आणि पंचाहत्तरीच्या आसपासही बोटं कशी चालत होती ते स्वच्छ कळतं. त्यानंतर वडिलांच्या चाळीसच्या दशकातल्या रेकॉर्डकडे वळा. 'व्हिवा सेगिन' आधी लावा.