वाचकांचे प्रश्न: पेटीत टाकलेल्या चिठ्ठीचं पुढे काय होतं?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की युनिव्हर्सिटीच्या कँटीनबद्दल आणि स्टोअरबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रांचा ढीगच लागला, त्यात विद्यार्थी आहेत, शिकवणारे आहेत आणि काउंटरच्या मागे उभे राहणारेही आहेत. सगळी छापणं शक्य नाही. "कँटीनचा चहा एवढा पाणचट का?" हे बऱ्याच जणांनी विचारलंय. पावडर कमी टाकतात म्हणून. पुढे जाऊ.

काका, आमच्या कँटीनमध्ये तक्रारपेटी आहे. भाजीत मीठ जास्त असतं, पंखे बंद असतात, बसायला जागा नसते, सगळं मी लिहून टाकत असते. आजवर काहीही झालं नाही. पेटी उघडतात तरी का? – एक विद्यार्थिनी

अगं, आधी पेटीला कुलूप आहे का आणि असलं तर किल्ली कुणाकडे आहे ते विचार. हसू नको, मी स्वतः कँटीन सांभाळायचो तेव्हा पेटी एका ऑफिसने लावलेली होती, किल्ली दुसऱ्या ऑफिसात होती आणि स्वयंपाकघराला ह्यातलं काही माहीतच नव्हतं. चिठ्ठ्या कधीमधी निघायच्या, त्यांचा एक गुळगुळीत रिपोर्ट व्हायचा, "जेवणाच्या दर्जाबद्दल काही सूचना आल्या" असा. हे वाचून आचाऱ्याने करायचं काय?

पेटी ही काही आजची आयडिया नाही. कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये कामगारांसाठी सूचना योजना सुरू केली आणि पहिलं बक्षीस कशाला मिळालं माहितीये, कारखान्याच्या खिडक्या पुसा म्हणजे उजेड नीट येईल ह्या सूचनेला, दोन डॉलर. सूचना साधीच होती, पण लिहिणाऱ्याला कळलं की कुणीतरी वाचलं. तुमच्या पेटीत नेमकं तेच होत नाहीये.

जपानमध्ये बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत कँटीन आणि स्टोअर सहकारी संस्था चालवते, विद्यार्थी आणि कर्मचारी तिचे सभासद असतात. तिथे छोटी कार्डं ठेवलेली असतात, गिऱ्हाइकाने एका ओळीत काय ते लिहायचं, स्टोअरवाल्याने खाली उत्तर लिहायचं आणि ते कार्ड सगळ्यांना दिसेल असं फळ्यावर लावायचं. २००५ मध्ये टोकियोच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अशा एका कर्मचाऱ्याची उत्तरं एवढी गाजली की त्यांचं पुस्तक निघालं. आपल्याला पुस्तक नको, फळा हवाय. विद्यार्थी प्रतिनिधींना गाठ आणि एवढंच मागून घे की प्रत्येक चिठ्ठीला आठवड्याच्या आत लेखी उत्तर मिळेल आणि ते भिंतीवर लागेल, मग ते "नाही जमणार" असलं तरी चालेल, फक्त का नाही ते लिहायचं.

आणि तुझ्या चिठ्ठीबद्दलही बोलतो, राग मानू नको. "भाजीत मीठ जास्त" ह्यावरून आचाऱ्याला काहीच कळत नाही, तो सकाळी चव घेतो तेव्हा मीठ बरोबर असतं. तेच तू लिही, "मंगळवार, दुपारी दीडनंतर, डावीकडच्या काउंटरची रस्सा भाजी". आता हे वाचलं की जाणत्या माणसाला लगेच कळतं, भाजी बाराला बेन-मारीत, म्हणजे गरम पाण्यावर पदार्थ गरम ठेवायच्या भांड्यात, ओतली, झाकण उघडंच राहिलं, दीड तास वाफ जात राहिली, पाणी आटलं आणि मीठ होतं तेवढंच राहिलं. म्हणजे आचाऱ्याला ओरडायचं नाही, भाजी दोन खेपांत काढायची आणि झाकण लावायचं. वार, वेळ, काउंटर, पदार्थ. शेरा नाही लिहिलास तरी चालेल.

मी एका युनिव्हर्सिटी स्टोअरचा मॅनेजर आहे. मुलं एखादी वस्तू ठेवा म्हणून मागे लागतात, आम्ही मागवतो आणि मग ती तशीच पडून राहते. वर "आमचं ऐकत नाही" हे आहेच. काय करावं?

साहेब, तुमचं दुखणं मला चांगलंच माहितीये. मागणारा आणि विकत घेणारा हे एकच असतात असं आपण धरून चालतो, तिथे घोटाळा होतो. पन्नास सह्यांचा कागद आला तरी त्यातले निम्मे मैत्रीखातर सही करणारे असतात, पेन पुढे केलं की माणूस सही करतो. म्हणून "काय हवंय?" हे विचारूच नका, त्याला उत्तर देताना खिशात हात घालावा लागत नाही. "गेल्या आठवड्यात बाहेरून काय विकत आणलंत?" हे विचारा. ह्याचं उत्तर सहसा खरं येतं आणि ते फार साधं असतं, कॅल्क्युलेटरचा सेल, सुई-दोरा, ग्राफपेपर, डोकेदुखीची गोळी असलं काहीतरी, ज्यासाठी कुणी सह्यांची मोहीम काढत नाही पण रात्री आठला लागलं की माणूस वैतागतो.

दुसरं म्हणजे ट्रायल घ्या आणि ती ट्रायल आहे हे फळीवरच लिहा. "ही वस्तू एका चिठ्ठीवरून मागवली आहे, महिन्याभरात दोन खोकी खपली तर कायम ठेवू." मग नाही खपली आणि काढली तर कुणी बोलत नाही, आकडा सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतो. सप्लायर एका खोक्यापेक्षा कमी देत नसेल, माल लवकर एक्स्पायर होत असेल, फळीवर जागा नसेल तर तेही उघड सांगा. गिऱ्हाइकाला वाटतं एक वस्तू ठेवायला काय जातं, त्याला हे दिसतच नाही की ती ठेवायला दुसरी कुठली तरी काढावी लागते. कुठली काढायची ते त्यालाच विचारा, मजा बघा, पुढची चिठ्ठी भलतीच समंजस येते.

आणि एक, जे यायचेच बंद झाले ते चिठ्ठी लिहीत नाहीत. पेटीत येतं ते अजून येणाऱ्यांचं मत असतं. अधूनमधून बाहेर कट्ट्यावर जाऊन डबा खाणाऱ्यांशी बोला.

दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये एवढी लाइन असते की जेवण हातात येईपर्यंत लेक्चर सुरू होतं. अजून एक काउंटर उघडायला ह्यांचं काय जातं?

अजून एका माणसाचा पगार जातो. पण ते राहू दे, गणित बघू, कारण ह्या तक्रारीत गणित घातलं तर ती फार जोरात लागते.

समज लेक्चर सुटलं आणि १२० जण एकदम आले. पैसे देऊन पुढे सरकायला प्रत्येकाला ३० सेकंद लागतात, काउंटर एक. शेवटच्याचा नंबर लागायला तासभर गेला. दोन काउंटर केले तर अर्धा तास. आता दोनच काउंटर ठेवून ३० सेकंदांचे २० केले, म्हणजे सुटे पैसे शोधणं बंद, कूपन आधी घ्यायचं, रेट मोठ्या अक्षरात लाइनच्या सुरुवातीलाच लावायचे म्हणजे काउंटरपाशी पोहोचून "काय आहे आज?" कुणी विचारत नाही, तर २० मिनिटं. माणूस एकही वाढला नाही आणि दहा मिनिटं वाचली.

रांगांच्या अभ्यासात जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, आत सरासरी किती माणसं आहेत ते म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकजण आत काढतो ती मिनिटं. बसायला जागा नाही ही तक्रारही ह्याच हिशोबात बसते. मिनिटाला सहाजण येत असतील आणि प्रत्येकजण २५ मिनिटं टेबल धरून ठेवत असेल तर खुर्च्या १५० लागणार, तोच ४० मिनिटं गप्पा मारत बसला तर २४०. खुर्च्या वाढवायला जागा लागते. तेव्हा मित्रांनो, जेवण झाल्यावर गप्पा बाहेर मारा, हे मी तुमच्या बाजूने बोलतोय.

खरा उपाय मात्र कँटीनच्या हातात नाही. सगळ्या डिपार्टमेंटची सुट्टी एकाच वेळी ठेवली की जगातलं कुठलंही कँटीन तुंबणार. अर्ध्या वर्गांची सुट्टी वीस मिनिटं पुढे सरकवा, असा अर्ज टाइमटेबल करणाऱ्याकडे द्या आणि वरचा हिशोब त्याला जोडा.

पूर्वी कँटीनमध्ये ट्रे असायचे, ते काढून टाकले. ताट, वाटी, ग्लास सगळं हातात धरून सर्कस करावी लागते. पर्यावरणासाठी केलं म्हणतात. खरं का?

खरं आहे आणि अर्धवटही आहे. ट्रे नसला की माणूस मावेल तेवढंच घेतो, त्यामुळे ताटात टाकलेलं अन्न कमी होतं. अरामार्क ह्या केटरिंग कंपनीने २००८ मध्ये २५ शिक्षणसंस्थांमधले आकडे दिले होते, ट्रे नसलेल्या दिवशी माणशी नासाडी २५ ते ३० टक्के कमी. पण ट्रे धुवायचं पाणी, साबण आणि माणूसही वाचतो, ते पत्रकात तेवढं ठळक लिहीत नाहीत. हे सगळं आपण हवं तेवढं वाढून घेतो अशा ठिकाणचं आहे. तुमच्याकडे ठरलेलं ताट वाढून मिळत असेल तर फायदा फारसा नाही. कुबडी घेऊन चालणाऱ्यांसाठी, हात दुखावलेल्यांसाठी चार ट्रे काउंटरवर ठेवा, ही मागणी लगेच करा, ही कुणी नाकारू शकत नाही.

संध्याकाळी कँटीनचा भात खाल्ला आणि दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. तक्रार केली तर म्हणाले, "बाकी कुणाला काही झालं नाही, भात पुन्हा कडक गरम करूनच दिला होता." आता काय बोलणार?

बोलण्यासारखं पुष्कळ आहे. शिजलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात, शिजवताना मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे "कडक गरम करून दिला" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. ह्या प्रकारात उलट्या साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात, तुझे दोन तास त्यात बसतात, तरी भातच कारण होता हे मी इथून ठामपणे नाही सांगू शकत, ते डॉक्टर आणि तपासणी सांगेल. "बाकी कुणाला नाही" ह्यालाही फार अर्थ नाही, पातेल्याच्या कुठल्या भागातलं वाढलं, कुणी किती खाल्लं, कुणाची प्रकृती कशी, सगळ्याने फरक पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर ठेवा नाहीतर ५ अंशांच्या खाली आणि बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तेव्हा तक्रारीत विचार की भात किती वाजता शिजला, कुठे ठेवला होता, तापमान कुणी मोजलं, नोंद दाखवा. थर्मामीटर नसेल तर तोच मुद्दा लावून धर. काय खाल्लं आणि किती वाजता ते आजच लिहून ठेव, डॉक्टरांचा कागद जपून ठेव. आणि ही चिठ्ठी पेटीत टाकू नको, आरोग्याची तक्रार थेट प्रमुखाला लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, तिथे दाद लागली नाही तर सरकारी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे जायचं.

मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काउंटरवर विचारलं की म्हणतात, "नाहीये त्यात, असले तरी थोडेसेच." हसावं की रडावं?

दोन्ही नको, खाऊ नका. "थोडेसेच" ऐकलं की तिथून उठायचं, काही जणांना चिमूटभरही जिवावर बेततं. मागणी अशी करा की कुठल्या पदार्थात शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, तीळ, सोया आहे त्याची यादी रोज लावा आणि त्या पदार्थाचा डाव वेगळा ठेवा. खरा घोळ बहुतेक वेळा डावात असतो, दाण्याच्या आमटीतला डाव शेजारच्या पातेल्यात जातो आणि आचारी मात्र शपथेवर सांगतो की त्याने दाणे घातलेच नाहीत, तो खरंच बोलत असतो.

काउंटरवरचा एकजण फार उर्मटपणे बोलतो. व्हिडिओ काढून टाकू का?

नको. वेळ, काउंटर आणि तो काय बोलला ते जसंच्या तसं लिहून मॅनेजरला दे. माणसाचं नाव फळ्यावर लावायचं नाही, मॅनेजरनेही नाही. आणि तो जेवायला कधी बसतो तेही विचारून बघ.

आमच्या पेटीत निम्म्या चिठ्ठ्या टवाळकीच्या असतात, "कँटीनमध्ये स्विमिंग पूल हवा", "माझं लग्न जमवून द्या". फाडून टाकतो. बरोबर ना? – एक कँटीन चालक

अहो, फाडू नका, त्यांनाही उत्तर द्या. टवाळकी करणारा पोरगा पेटी चालू आहे का ते तपासून बघत असतो. जपानमधल्या त्या कर्मचाऱ्याची उत्तरं गाजली ती अशाच चिठ्ठ्यांमुळे, भलतंसलतं विचारलेलं असायचं आणि हा बाबा तितक्याच अदबीने, चेष्टा न करता उत्तर द्यायचा. "स्विमिंग पूलसाठी जागा मोजली, चार टेबलं काढावी लागतील, म्हणून सध्या शक्य नाही", बस, एवढं पुरे, जास्त विनोद करायला जाऊ नका. फक्त आधी पोटदुखीच्या आणि ॲलर्जीच्या चिठ्ठ्यांची उत्तरं लावा आणि मग ही, नाहीतर तुम्ही पूलवर गंमत करताय आणि शेजारी कुणाची तरी उलट्यांची तक्रार तीन आठवडे लटकतेय असं दिसेल.