कंट्रोलर खाली ठेवल्यावर

प्रिय दोस्ता,

तुझ्या पत्रातल्या दोन तक्रारी एकमेकींना लागून आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. पहिली अशी की, गेममध्ये गाडी चालवताना लागलेलं गाणं आवडलं, पण नंतर शोधलं तर सापडलं नाही. दुसरी अशी की, एका गेमचं मूळ म्हणून सांगितला जाणारा जुना चित्रपट लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. दोन्हीकडे अडचण एकच आहे. गेम आपल्या हाती गाण्याचा किंवा चित्रपटाचा एक तुकडा देतो, आणि तोही हात आणि डोळे दुसरीकडे गुंतलेले असताना. उरलेलं खेळ बाजूला ठेवून, वेगळा वेळ काढून मिळवावं लागतं.

आधी गाणं सापडण्याचं बघू. गेममधलं संगीत दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे आधीच प्रसिद्ध असलेली, परवाना घेऊन वापरलेली गाणी. दुसरं त्या गेमसाठीच रचलेलं. कुठल्या प्रकारचं गाणं शोधतो आहेस हे आधी ठरव, कारण दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

परवान्याच्या गाण्यासाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे गेमची श्रेयनामावली. बहुतेक गेममध्ये ती मुख्य मेनूतूनही उघडते, त्यासाठी गेम संपवावा लागत नाही. ती अगदी शेवटापर्यंत जाऊ दे, कारण गाण्यांची यादी बहुधा तळाशी असते. एकेका नोंदीत गाण्याचं नाव, लिहिणारे, गाणारे आणि ध्वनिमुद्रण कंपनी असं सगळं असतं. लिहिणारा आणि गाणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात, म्हणून दोन्ही नावं उतरवून घे. एकच गाणं दहा जणांनी गायलेलं असतं आणि तुला आवडलेलं त्यातलं एकच असतं.

यादी सापडली, पण कुठलं गाणं ते ओळखू येत नसेल, तर शाझामसारखं, ऐकवलेल्या गाण्याचं नाव सांगणारं ॲप वापर. मात्र गेम चालू आहे तसाच त्याच्यापुढे धरलास तर ते बहुतेक वेळा चुकेल. इंजिनाचा आवाज, गोळीबार आणि संवाद त्या गाण्यावर बसलेले असतात. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन इफेक्ट्स आणि संवाद शून्यावर आण, संगीत पूर्ण ठेव. गाडी रिकाम्या जागी उभी कर, पण इंजिन बंद करू नकोस किंवा गाडीतून उतरू नकोस, नाहीतर रेडिओही थांबेल. मग गायकाचा आवाज सुरू झाल्यावर पंधरावीस सेकंद ऐकव. एकदा नाही जमलं तर गाण्याच्या दुसऱ्या भागावर पुन्हा कर. नुसत्या तालाच्या सुरुवातीवरून ॲप अनेकदा भलतंच नाव सांगतं. गाणं निघून गेलं असेल तरी आशा सोडू नकोस. प्लेस्टेशन 4 सारख्या यंत्रावर खेळाची शेवटची पंधरा मिनिटं आपोआप साठवलेली असतात. ती लगेच जतन कर आणि नंतर त्यातून ओळखून घे. रेकॉर्डिंगमध्ये गाणंच गायब असेल, तर सेटिंगमध्ये स्ट्रीमर मोड चालू आहे का ते पाहा. हक्कांची गाणी वगळण्यासाठीच तो असतो.

आता दुसरा प्रकार. गेमसाठी रचलेलं संगीत ॲपला अनेकदा ओळखता येत नाही, आणि त्यात ॲपचा दोष नाही. 2010 सालच्या रेड डेड रिडेम्प्शनचं संगीत जवळजवळ सगळं एकाच पट्टीत (ए मायनर) आणि एकाच लयीत, मिनिटाला 130 ठोक्यांवर, ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यामुळे तू घोडा दौडवलास की एक थर चढतो, गोळीबार सुरू झाला की दुसरा चढतो, आणि सांधा कुठेच दिसत नाही. म्हणजे तू जे ऐकलंस ते त्या क्षणी, तुझ्या खेळण्यातून जुळलं. तसंच्या तसं ते कुठल्याही अल्बमवर नाही. अशा वेळी संगीतकाराचं नाव शोध, अधिकृत अल्बम लाव आणि तुझ्या प्रसंगाच्या जवळ जाणारा तुकडा निवड. वेगळा वाटला तरी तो अस्सलच आहे.

नाव सापडलं की काम संपलं असं समजू नकोस. खरी फसगत आवृत्तीत होते. फॉलआउट 3 (2008) मध्ये इंक स्पॉट्स या जुन्या अमेरिकी गायकचमूचं 1941 सालचं 'आय डोन्ट वॉन्ट टू सेट द वर्ल्ड ऑन फायर' आहे. ते शोधलंस तर त्याच नावाच्या गटांची नंतरची कितीतरी ध्वनिमुद्रणं पुढे येतील, कारण मूळ चमू फुटल्यावर अनेकांनी ते नाव लावून कार्यक्रम केले. मूळ हवं असेल तर डेका कंपनीचं ध्वनिमुद्रण आणि चमूतला गायक बिल केनी याचा उंच, हळुवार आवाज ही खूण धर. आणखी एक, ॲपवर गाण्याशेजारी जे साल दिसतं ते पुष्कळदा त्या संग्रहाचं किंवा रीमास्टरचं असतं. 1941 चं गाणं तिथे 2000 नंतरचं दिसेल. त्या सालावर विसंबून काळाचा अंदाज बांधू नकोस.

कधी कधी गाणं गेममधूनच नाहीसं झालेलं असतं. परवाने ठरावीक मुदतीचे असतात. 2008 चा जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) 4 दहा वर्षांचा झाला तेव्हा, 2018 साली, त्यातली बरीच गाणी अद्ययावत आवृत्तीतून काढली गेली, आणि व्लादिवोस्तोक एफएम या रशियन गाण्यांच्या स्टेशनाचा मोठा भाग बदलला. त्याच मालिकेतल्या व्हाइस सिटीच्या नंतरच्या काही आवृत्त्यांत मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' नाही. तेव्हा जुन्या खेळाडूंच्या यादीतलं गाणं तुझ्या प्रतीत वाजत नसेल तर यादी चुकीची आहे असं लगेच ठरवू नकोस. मूळ आवृत्तीच्या गाण्यांची यादी शोध आणि ती गाणी बाहेर ऐक.

आता ऐकायचं कसं, ते सांगतो. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा गेममधला प्रसंगच डोळ्यांपुढे येईल. येऊ दे, ती ओढच तुला इथवर घेऊन आली आहे. दुसऱ्यांदा मात्र रचनेकडे कान दे. इंक स्पॉट्सची बरीचशी गाणी एकाच साच्यात बसतात. आधी गिटारची छोटी सुरुवात, मग उंच आवाजात पूर्ण गाणं, मग खर्जातला एक आवाज तेच शब्द गाण्याऐवजी बोलून दाखवतो, आणि शेवटी पुन्हा उंच आवाज. हा साचा एकदा कानात बसला की त्यांचं न ऐकलेलं गाणंही तू ओळखशील. तिथून एक पाऊल बाजूला टाक. 2002 च्या माफिया या गेममध्ये त्याच सुमाराचा मिल्स ब्रदर्स हा गायकचमू आहे. त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत तुतारीसारखा येणारा आवाज तोंडाने काढलेला आहे. एका गिटारशिवाय कुठलंही वाद्य वापरलेलं नाही, असा खुलासा त्यांच्या तबकड्यांवर छापलेला असे. हे कळल्यावर पुन्हा ऐक, गाणं निराळंच ऐकू येईल.

बाजूचं पाऊल टाकायला गेममधलं रेडिओ स्टेशन फार कामाचं. व्हाइस सिटीत (हा गेम 2002 चा, त्यातलं जग 1986 चं) व्ही-रॉकवर हार्ड रॉक आणि मेटल, वेव्ह 103 वर न्यू वेव्ह, वाइल्डस्टाइलवर सुरुवातीचं हिप-हॉप, रेडिओ एस्पान्तोसोवर लॅटिन संगीत आहे. कुणीतरी जाणकाराने तुझ्यासाठी वर्गवारी करून ठेवली आहे. म्हणून गाण्याबरोबर स्टेशनचं नावही लिहून ठेव. एक गाणं आवडलं की त्याच स्टेशनवरचे बाकीचे कलाकार एकेक करून ऐक. ॲपने आपोआप बनवलेल्या प्लेलिस्टपेक्षा ही वाट मला फार चांगली वाटते, कारण तिच्यात एका माणसाची निवड असते.

टेट्रिसला रेडिओ नाही, पण 1989 च्या गेम बॉय आवृत्तीतली ए धून म्हणजे 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत, आणि त्याचे शब्द रशियन कवी नेक्रासोव्हच्या 1861 च्या कवितेतले. फेरीवाल्यांचं गाणं आहे ते. मेनूत सी निवडलंस तर बाख या जर्मन संगीतकाराच्या तिसऱ्या फ्रेंच सुइटमधला मिन्युएट (एक नृत्यधून) वाजतो. लोकगीत समूहगायनात ऐक आणि मिन्युएट पियानोवर किंवा हार्पसिकॉर्डवर ऐक.

चित्रपटाकडे जाण्याचा सर्वांत सोपा पूल संगीताचाच आहे. जीटीए 3 (2001) मधलं फ्लॅशबॅक हे अख्खं स्टेशन 1983 च्या 'स्कारफेस'मधल्या गाण्यांचं आहे. संगीत जॉर्जिओ मोरोडरचं. गाणी ओळखीची झाल्यावर चित्रपट पाहिलास तर प्रत्येक गाणं कुठल्या प्रसंगासाठी होतं ते उलगडेल. मग मोरोडरच्याच मागे जा. 1977 चं, डोना समरने गायलेलं 'आय फील लव्ह' जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर उभं आहे. नंतरच्या नृत्यसंगीताचं केवढं मोठं दार तिथे उघडलं, ते नुसतं बेस ऐकूनही कळेल. 'स्कारफेस' मात्र प्रौढांसाठीचा, फार हिंसक चित्रपट आहे. तुझं वय अठराच्या खाली असेल तर सध्या गाण्यांवरच थांब. चित्रपट कुठे जात नाही.

तू ज्या चित्रपटावर अडखळलास तो जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा. घोस्ट ऑफ त्सुशिमा या सामुराईच्या गेममध्ये (2020) कुरोसावा मोड आहे. चित्र कृष्णधवल होतं, त्यावर जुन्या फिल्मचे कण येतात, आवाज जुन्या मुद्रणासारखा होतो आणि वारा वाढतो. वारा का वाढवला, याचं उत्तर चित्रपटात आहे, पण तू थेट 'सेव्हन सामुराई' लावलास. तो 1954 चा, 207 मिनिटांचा आणि पहिला बराच वेळ माणसं गोळा करण्यात घालवणारा आहे. पहिल्या भेटीसाठी तो जड जातो. आधी 'योजिम्बो' पाहा. तो 1961 चा आहे आणि 110 मिनिटांत संपतो. दोन टोळ्या, मधोमध एक रस्ता आणि कुणाचाच नसलेला एक सामुराई. रस्त्यावरची धूळ आणि वारा बघ, कुणी तलवार उपसण्याआधीच हवा ताणलेली असते. गेममधल्या द्वंद्वाआधीची ती शांतता इथली आहे.

त्यानंतर 1964 चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' लाव. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने 'योजिम्बो'चीच गोष्ट परवानगी न घेता अमेरिकी पश्चिमेत नेली आणि 'योजिम्बो'च्या तोहो कंपनीने त्यावर दावा लावला. दोन्ही लागोपाठच्या दिवशी पाहा, म्हणजे काय घेतलं आणि काय बदललं ते नजरेत भरेल. संगीत मोरिकोनेचं, शीळ आणि गिटार अलेस्सांद्रोनीची. ती शीळ ऐकून झाली की रेड डेड रिडेम्प्शन पुन्हा सुरू कर. एक अमेरिकी गेम, त्यामागे इटालियन दिग्दर्शक, त्याच्यामागे जपानी चित्रपट, आणि त्या जपानी चित्रपटाकडे जाणारा आणखी एक गेम. मला ही साखळी फार प्रिय आहे, कारण हिच्यातला प्रत्येक दुवा स्वतंत्रपणेही भक्कम उभा राहतो.

चित्रपट मध्येच का सोडला जातो, तेही सांगतो. गेममध्ये दर काही सेकंदांनी तुझ्याकडून काहीतरी मागितलं जातं. चित्रपट काही मागत नाही, म्हणून रिकामे हात फोनकडे जातात. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. पहिली पंधरा मिनिटं कथेचा विचार न करता एवढंच पाहा की कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे. मूळ भाषेत, सबटायटल्ससह पाहा, आणि जुनं चौकोनी चित्र ताणून किंवा कापून पडदा भरू नकोस. 'सेव्हन सामुराई'त मध्यंतर चित्रपटातच आहे. तिथे थांबून उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिलास तरी चालेल.

'स्टॉकर' हा गेम (2007) आणि रशियन दिग्दर्शक तार्कोव्स्कीचा त्याच नावाचा 1979 चा चित्रपट यांत तर हे फारच जाणवेल. चित्रपटात राक्षस नाहीत, तीन माणसं चालतात आणि बोलतात. बाहेरचं जग तपकिरी, झोन नावाच्या बंदी असलेल्या भागात पाऊल पडताच रंग. वाट सुरक्षित आहे का ते पाहायला ती माणसं कापडाची पट्टी बांधलेले लोखंडी नट पुढे फेकतात. गेममध्ये तू बोल्ट फेकतोस तो इथूनच. दोन्हींच्या मुळाशी स्त्रुगात्स्की बंधूंची 1972 ची कादंबरी आहे. हा चित्रपट मात्र इतक्यात नको. चारपाच जुने पाहून झाल्यावर बघ.

शेवटचं काम वहीचं. पानावर चार रकाने आख: गेम आणि प्रसंग, गाणं किंवा चित्रपट, करणाऱ्यांची नावं आणि मूळ साल, आणि हे कशावरून कळलं. चौथा रकाना कधीच रिकामा सोडू नकोस. त्यात 'श्रेयनामावली', 'करणाऱ्यांनी स्वतः सांगितलं' किंवा 'माझा अंदाज' यांपैकी एक लिही. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एकीतून दुसरी आली असं होत नाही. मेट्रॉइड या गेममधल्या रिडली या शत्रूचं नाव 'एलियन' या चित्रपटाचा दिग्दर्शक रिडली स्कॉट याच्यावरून आलेलं आहे, तो पक्का धागा. पण अंतराळातला प्रत्येक अंधारा बोळ 'एलियन'मधून आला असं लिहीत सुटलास तर वहीचा उपयोग संपला. अंदाज लिहायला हरकत नाही, तो अंदाज म्हणूनच लिही.

हरवलेल्या त्या गाण्यापासूनच सुरुवात कर. इफेक्ट्स शून्यावर, गाडी रस्त्याच्या कडेला, आणि स्टेशनचं नाव वहीत. पहिल्या तीन ओळी भरल्या की पानाचा फोटो पाठव. चौथ्या रकान्यात काय लिहिलं आहेस, ते मी आधी पाहीन.