खिशातली पुडी

‘मॅडम, वडील ५२व्या वर्षी अटॅकने गेले. माझा नंबर कधी?’

सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे हे गृहस्थ चाळिशीचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वर्षभरात तीन ईसीजी काढले, तिन्ही नॉर्मल. तरी रात्री उठून स्मार्टवॉचमध्ये ठोके बघायचे. शेवटी बायकोच माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली.

‘काही होत नाही’ हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी नाही सांगितलं. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका वाढतो, हे खरंच आहे. आणि ईसीजी त्या वेळचं सांगतो, पुढच्या दहा वर्षांचं नाही.

मग विचारलं, बीपी कधी मोजलं? आठवेना. साखर, कोलेस्टेरॉल? कधीच नाही. तंबाखू?

‘सिगारेटला आजवर हात लावला नाही!’

बायकोने नुसतं त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. दिवसाला दोन पुड्या. आपल्याकडे चुना मळून खाल्लेली तंबाखू कुणी व्यसनात धरतच नाही.

रात्री घड्याळ बघण्याआधी काय करता, असं विचारल्यावर ते अडखळले. जाग आली की आधी चिमूट, मग ठोके. निकोटीनने ठोके वाढतात, बीपीही चढतं. वाढलेला आकडा पाहून छातीत धस्स होणार, आणि त्या धसक्यावर उतारा म्हणून पुन्हा चिमूट!

२००४ साली ‘इंटरहार्ट’ हा ५२ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अटॅकचा बहुतेक धोका त्यात नऊ गोष्टींवर येऊन थांबला: तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, सुटलेलं पोट, मानसिक ताण, आहारात फळं-भाज्या नसणं, व्यायाम नसणं आणि दारूच्या सवयी. मी यादी त्यांच्यासमोर ठेवली. ‘यात वडील कुठेत?’ ते म्हणाले.

पुडी टेबलावर ठेवायला लावली. तिच्यावरच तंबाखू सोडवणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर असतो, १८००-११-२३५६. रोज हाताळलेली पुडी, पण नंबर आज दिसला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. बीपी वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. पुडी लगेच सुटली नाही. रात्रपाळीत दोनदा घसरले, दोन्ही वेळा स्वतःहून फोन करून सांगितलं.

परवा निघताना दारात थांबले. ‘धाकट्याला आणू का? तोही मळतो. आणि वडील तर त्याचेही तेच.’