पेशीपटलातले रेणू विजेने वेगळे करता येतात का?

तुम्ही विचारलंय की पेशीपटलातली प्रथिनं आणि लिपिडं (चरबीसारखे रेणू) विद्युतक्षेत्राने वेगळी करता येतात का, आणि त्यासाठी नेहमीचं जेल (ज्या जाळीदार पदार्थातून विजेने रेणू सरकवून वेगळे करतात तो) का चालत नाही. मी पटलातल्या प्रथिनांवरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जेल चालतं, पण रेणूला त्याच्या घरातून, म्हणजे पटलातून, बाहेर काढावं लागतं. लॅमली या शास्त्रज्ञाच्या १९७० च्या जेल-पद्धतीत एसडीएस हा डिटर्जंट (साबणासारखा पदार्थ) प्रथिनाची घडी मोडतो आणि त्याला चिकटून बसतो, एक ग्रॅम प्रथिनाला साधारण १.४ ग्रॅम. मग वेगळं होणं घडतं ते आकारमानावरून. प्रथिन मूळ पटलात कोणाला धरून होतं, हे कळायची सोय उरत नाही. पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिनं तर उकळली की गोळा होऊन जेलच्या खाचेतच अडकतात. अशा वेळी नमुना न उकळता ३७ अंशांवर ठेवून बघा.

दुसरी वाट मला जास्त आवडते: पटलालाच जेल समजायचं. काचेवर लिपिडचा दुहेरी थर पसरवता येतो. जाडी जेमतेम ४-५ नॅनोमीटर, आणि काच व थर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा, त्यामुळे रेणू थरातल्या थरात मोकळे फिरतात. बाजूने क्षेत्र लावलं की भारित रेणू सरकू लागतात. हिशेब सोपा आहे: एका भाराचं लिपिड, विसरण गुणांक (रेणू आपोआप किती पसरतो त्याचं माप) सेकंदाला १ चौरस मायक्रोमीटर, क्षेत्र सेंटिमीटरला ५० व्होल्ट, तर वेग सेकंदाला ०.२ मायक्रोमीटर. दहा मिनिटांत रेणू १२० मायक्रोमीटर जातो आणि विसरणाने पट्टा पसरतो सुमारे ३५. सूक्ष्मदर्शकाखाली चमकता पट्टा सरकताना स्पष्ट दिसतो. पॉल क्रेमर यांच्या गटाने २००७ मध्ये कोलेस्टेरॉल मिसळलेल्या थरात टेक्सास रेड हा चमकणारा रंग लावलेल्या एकाच लिपिडचे दोन समघटकसुद्धा (तेच अणू, पण मांडणी वेगळी) वेगळे केले.

प्रथिनांची गोष्ट मात्र वेगळी. म्यू-मिंग पू आणि रॉबिन्सन यांनी १९७७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातल्या स्नायूपेशींना क्षेत्र लावलं, तर पृष्ठभागावरचे रिसेप्टर (बाहेरचे रेणू पकडणारी प्रथिनं) ऋण टोकाकडे गोळा झाले. ऋणभारित रेणूसुद्धा तिकडे का जाऊ शकतो, हे मॅक्लॉफ्लिन आणि पू यांनी १९८१ मध्ये मांडलं: पटलाचा पृष्ठभाग ऋण असतो, त्याच्याजवळचे धन आयन ऋण टोकाकडे जाताना पाणीही ओढतात, आणि पटलाबाहेर डोकावणारं मोठं प्रथिन त्या पाण्याबरोबर वाहतं. म्हणून प्रथिन कुठल्या दिशेला गेलं एवढ्यावरून त्याचा भार ठरवू नका. थरात धनभारित लिपिड मिसळून हा प्रवाह कमी करता येतो, उलटवताही येतो.

पट्टे नीट सुटत नसतील तर नुसता वेळ वाढवत बसण्यापेक्षा क्षेत्र वाढवा. ठरावीक अंतर कापताना पट्टा किती पसरेल हे क्षेत्रावर ठरतं, विसरण गुणांकावर नाही. त्यासाठी बफरमध्ये (थर ज्या द्रावणात असतो त्यात) मीठ अगदी कमी ठेवा, एखाद-दुसरा मिलिमोलर पुरे, नाहीतर विद्युतप्रवाह वाढून सगळं तापतं.